फ्रूट ब्रँडी आणि कॉफी लिक्युअर: बाटली घेण्याआधी साखर बघा

मराठी घरांत ब्रँडीची ओळख बहुतेक वेळा सर्दीतून होते. गरम पाण्यात चमचाभर, वर मध, आणि "झोप आता" एवढाच तिचा उपयोग. (सर्दी त्याने बरी होत नाही, घशाला ऊब वाटते इतकंच.) त्यामुळे ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर १७ मधल्या वाइन शॉपमध्ये "फ्रूट ब्रँडी आहे का?" असं विचारलं, की काउंटरवरून एकतर नेहमीची देशी ब्रँडी पुढे येते, नाहीतर संत्र्याच्या किंवा पीचच्या वासाची फ्लेवरवाली बाटली. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण फळ आंबवून, गाळून काढलेली ब्रँडी हा वेगळा माल आहे. कॉफी लिक्युअरचंही तसंच. लेबलवर सगळीकडे कॉफीच लिहिलेलं असतं, पण एक बाटली कडसर निघते आणि दुसरी निव्वळ पाक.

या दोन्ही प्रकारांत निवड करताना मी सगळ्यात आधी साखर बघतो. देश, ब्रँड, बाटलीचा आकार, किंमत हे सगळं त्यानंतर. बाटलीत साखर किती आहे हे कळलं, की ती नुसती प्यायची की शेकरमध्ये घालायची हे जवळजवळ आपोआप ठरतं.

ब्रँडीचे दोन वेगळे प्रकार

पहिला प्रकार कोरडा. फळाचा रस किंवा गर आंबवायचा, भट्टीवर गाळायचा आणि जे येईल ते पाण्याने ४० टक्क्यांच्या आसपास आणून बाटलीत भरायचं. यात वरून गोडी फारशी घालत नाहीत. फ्रान्समध्ये याला ओ-द-वी म्हणतात. जर्मनीत चेरीचं ते किर्शवासर, हंगेरीत पालिंका, सर्बिया-क्रोएशियाकडे राकिया आणि त्यातली प्लमची ती श्लिवोवित्स. युरोपीय नियमांनुसार अशा फळांच्या ब्रँडीत अल्कोहोल किमान ३७.५ टक्के लागतं. साधा हिशोब करा: पेअरमध्ये साखर जेमतेम १० टक्के, आणि आंबताना तिच्यातली निम्मीच अल्कोहोल होते. म्हणजे गाळतानाची तूट धरून ७०० मिलीची एक बाटली भरायला सहा-सात किलो पेअर सहज जातात. महाग का, याचं उत्तर त्यातच आहे.

दुसरा प्रकार गोड. आधीच तयार असलेल्या मद्यात फळाचा रस, अर्क किंवा वास आणि भरपूर साखर. हे लिक्युअर. युरोपात लिक्युअर म्हणायला लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते, आणि नावात 'क्रेम द' असेल तर साधारणपणे २५०. घोळ असा, की ॲप्रिकॉट ब्रँडी आणि चेरी ब्रँडी ही जुनी नावं तिथल्या कायद्यानेच लिक्युअरला वापरू दिली आहेत. लेबलवर ब्रँडी, आत पाक. बाटली घरी नेणारा नुसती प्यायला बसतो आणि दुसऱ्या घोटाला पाणी मागतो.

दुकानात उभं राहून लेबल वाचताना

आधी टक्केवारी बघा. ३७.५ ते ४५ असेल तर बहुधा कोरडा माल. ३० च्या खाली असेल तर साखर आहेच असं धरून चाला. कॉफी लिक्युअर १६ ते २५ च्या घरात असतात. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रम-ब्रँडीवर जो ४२.८ हा आकडा दिसतो, तो इथल्या जुन्या प्रूफच्या मापातून आलेला आहे. त्याचा दर्जाशी संबंध नाही.

मग बाटली फिरवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. 'न्यूट्रल स्पिरिट' किंवा 'एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल' आणि जोडीला 'ॲडेड फ्लेवर' असं असेल, तर मूळ मद्य मळीचं किंवा धान्याचं आहे आणि फळाचा नुसता वास आहे. 'ग्रेप स्पिरिट' असेल तर काही भाग तरी द्राक्षाचा. बहुतेक देशी ब्रँड्या अशा मिश्रणाच्याच असतात. भारतात ब्रँडी मुख्यतः दक्षिणेत खपते. मॅन्शन हाऊस बनवणारी टिळकनगर इंडस्ट्रीज मूळची आपल्या श्रीरामपूरची, पण तिचं मोठं गिऱ्हाईक तिकडचंच. ठाण्यातल्या दुकानात व्हिस्कीची भिंत आणि ब्रँडीचा अर्धा कप्पा दिसतो तो त्यामुळेच.

तिसरी गोष्ट म्हणजे एमआरपी आणि 'महाराष्ट्रात विक्रीसाठी' हा छाप. बाटली परदेशी असेल तर आयातदाराचं स्टिकर. छापील किमतीपेक्षा जास्त द्यायचं नाही. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा जुन्या किमती डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका.

आणि एक खात्रीची चाचणी. कुणाकडे बाटली उघडी असेल तर दोन थेंब तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळा आणि थोडं थांबा. कोरडी ब्रँडी उडून जाते, हात सुके होतात आणि मागे फळाचा वास राहतो: पेअर असेल तर पेअरच्या सालीचा, प्लम असेल तर बीसकट. लिक्युअर असेल तर बोटं एकमेकांना चिकटतात. नुसतं फ्लेवर घातलेलं असेल तर आधी गोळीसारखा भडक वास येतो आणि मिनिटभरात स्पिरिटखेरीज काहीच उरत नाही.

कोणतं फळ कुणासाठी

सुरुवात करणाऱ्याला मी सफरचंद सांगेन. नॉर्मंडीची काल्वादोस ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवलेली असते. सफरचंदाच्या जोडीला व्हॅनिला, थोडं दालचिनीकडे झुकणारं काहीतरी लागतं, आणि व्हिस्की पिणाऱ्या जिभेला ती परकी वाटत नाही. लेबलवर 'पेई दोज' असेल तर दोनदा गाळलेली. 'दोंफ्रोंते' असेल तर तिच्यात किमान ३० टक्के पेअर असतो आणि ती थोडी जास्त फुलते.

पेअरची विल्यम्स ओ-द-वी पाण्यासारखी पारदर्शक असते. तिला लाकूड लावलेलं नसतं, त्यामुळे फळ थेट नाकात येतं. अख्खं पेअर आत असलेली बाटली दिसली तर भुलू नका. झाडाच्या फांदीला बाटली बांधून फळ आत वाढवतात, हे खरंच आहे, पण त्या कौतुकाचे पैसे वेगळे लागतात आणि चव त्याने सुधारत नाही.

चेरी आणि प्लम या बिया असलेल्या फळांच्या ब्रँडीत बदामाची कडवट झाक येते, ती बियांतून. काहींना तीच आवडते. मला श्लिवोवित्स जेवणानंतर आवडते, आधी नाही. रास्पबेरीचं नाव असलेल्या जर्मन बाटलीवर 'गाइस्ट' लिहिलेलं असेल, तर फळ आंबवलेलं नसून मद्यात भिजवून मग गाळलेलं आहे, कारण त्या फळात साखर फारच कमी. फसवणूक नाही, पद्धतच तशी आहे.

कोन्याक आणि आर्मान्याक या फ्रान्सच्या द्राक्षाच्या ब्रँड्या. कोन्याकच्या लेबलवर व्हीएस म्हणजे पिंपात किमान दोन वर्षं, व्हीएसओपी चार आणि एक्सओ २०१८ पासून दहा. कॉकटेलसाठी व्हीएसच्या वर जाऊ नका. एक्सओत लिंबू पिळणं म्हणजे पैठणीने ओटा पुसणं.

आता आपल्या शेजारची. काजूची फेणी ही शंभर टक्के फ्रूट ब्रँडी आहे. आंबवलेला बोंडूचा रस पहिल्यांदा गाळला की हुर्राक, आणि पुन्हा गाळला की फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तिचा वास भल्याभल्यांना पळवतो. पण ठाण्यात कोकणातली माणसं बरीच, आणि ज्याने लहानपणी बोंडू मीठ लावून खाल्लाय त्याला तो वास ओळखीचा वाटेल. अडचण कायद्याची आहे. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि सीमेवर गाड्या तपासतात. फेणी गोव्यात जाऊन प्या.

घरी फळं आंबवून कुकरवर गाळण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. बेकायदा आहेच, शिवाय फळातल्या पेक्टिनपासून मिथेनॉल तयार होतं आणि ते डोळे घेऊ शकतं, जीवही.

कॉफी लिक्युअर

इथे सगळ्यात सहज मिळते ती मेक्सिकोची काहलुआ. १९३६ पासूनची, रमच्या पायावर बनलेली, चांगलीच गोड आणि व्हॅनिलाकडे झुकणारी. बाटलीवरची टक्केवारी बघून घ्या. अलीकडच्या वर्षांत कंपनीने ती २० वरून १६ वर आणली, त्यामुळे जुन्या कृतीतलं माप आता थोडं फिकं पडतं. तिया मारिया मूळची जमैकाची, आता इटलीत बनते. तिच्यात व्हॅनिला जास्त आणि अंग हलकं. ऑस्ट्रेलियाची मिस्टर ब्लॅक कोल्ड ब्रू कॉफीची, २३ टक्क्यांची, कडसर. भारतातही गेल्या काही वर्षांत गोव्याकडून क्वाफिन, बंदरफुल अशी नावं आली आहेत. चिकमगळूर-कूर्गची कॉफी आपल्याच देशात असताना इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही याचंच नवल.

निवड कशी करायची? बाटली घेण्याआधी घोडबंदर रोडच्या किंवा पाम बीच रोडकडच्या एखाद्या बऱ्या बारमध्ये ३० मिली नुसती मागवा, बर्फ वेगळा. वेटर जरा चमकून बघेल, बघू दे. पहिला घोट तसाच घ्या. मग उरलेल्यात तेवढंच गार पाणी घाला आणि पुन्हा चाखा. पाणी घातल्यावर कॉफी टिकली, थोडी तुरट-कडवट उघडली, तर ही बाटली नुसती पिण्याजोगी आहे. कॉफी बसली आणि गोड पाणी उरलं, तर ती कॉकटेलची. हा दोष नाही. कॉकटेलमध्ये गोड लिक्युअर साखरेच्या पाकाचं कामही करते, म्हणून तिथे काहलुआच सोयीची पडते. कडसर लिक्युअर त्याच कृतीत घातली तर वरून १० मिली पाक द्यावा लागतो.

बेलीजसारख्या क्रीमच्या लिक्युअर यात धरू नका. त्यांचा गाभा दूध आणि तो वेगळा विषय.

मिळवायचं कसं

कॉफी लिक्युअर ठाण्यातल्या मोठ्या दुकानांत मिळते, नवी मुंबईत वाशी-नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला पण. खारघरकरांना मात्र खारघरबाहेर जावं लागेल असं धरून चाला, तिथे दारूच्या दुकानांना रहिवाशांचा जुना विरोध आहे. काल्वादोस दिसली तर नशीब. पारदर्शक फळांच्या ब्रँड्या इथे जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे खरा मार्ग म्हणजे बाहेरून येणारं माणूस. प्रवाशामागे दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. पण नुसतं "एखादी फ्रूट ब्रँडी आण" असं सांगितलंत तर ड्यूटी फ्रीमधून गोड पीचचीच बाटली येणार. व्हॉट्सॲपवर सरळ असं लिहा:

"अरे, म्युनिकहून येताना एक बाटली आण. लेबलवर विल्यम्स, किर्शवासर किंवा ओब्स्टब्रांट असायला हवं. लिक्योर असा शब्द दिसला तर ठेवून दे. टक्केवारी ४० च्या खाली नको. पॅरिसवरून येणार असलास तर ओ-द-वी किंवा काल्वादोस. मोठी नसली तरी चालेल, अर्धा लिटर पुष्कळ झाली. मावशीला सांगू नकोस."

बाटली घरी आली तरी राज्याचा परवाना लागतोच. एक दिवसाचा दुकानात मिळतो, वर्षाचा किंवा आजीवन राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून. आणि वय: बिअर-वाइनला २१, पण हे सगळं ज्या वर्गात मोडतं त्याला २५.

नुसती पिताना

पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'रूम टेम्परेचरला प्या.' त्यांची खोली १८-२० अंशांची असते, आपली मे महिन्यात ३३ ची. त्या तापमानाला पेअरचा वास येण्याआधी स्पिरिटच नाकात घुसतं. पारदर्शक ब्रँडी फ्रीजमध्ये १५-२० मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये नको, फळाचा वास बंद होतो. मुरवलेली काल्वादोस किंवा कोन्याक असेल तर पाच मिनिटं पुरतात. कॉफी लिक्युअर मात्र बिनधास्त बर्फावर. तिला थंडी मानवते, गोडी थोडी झाकली जाते.

सिनेमातला मोठा फुगीर ब्रँडी ग्लास विसरा, त्यात अल्कोहोलची वाफ कोंडते. खाली थोडा फुगलेला आणि तोंडाशी निमुळता असा छोटा ग्लास घ्या, २०-३० मिली ओता, नाक कडेपासून थोडं दूर ठेवा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. घोट छोटा. पहिला घोट फक्त जीभ तयार करतो, मत दुसऱ्यावर द्या. जळजळ फार वाटली तर चमचाभर पाणी घाला, बर्फ नको.

चखण्याच्या बाबतीत चकली-शेव बाजूला ठेवा. खारे काजू, अक्रोड, कडक चीज, फार तर सफरचंदाच्या फोडी. मामलेदारची मिसळ खाऊन आलेल्या जिभेला विल्यम्स आणि पाण्यातला फरक कळणार नाही, त्या दिवशी ताक प्या.

शेकर काढताना

एस्प्रेसो मार्टिनी १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने केली. आज सर्रास चालणारं माप असं: ५० मिली व्होडका, ३० मिली कॉफी लिक्युअर, १० मिली पाक, एक एस्प्रेसो. घरी एस्प्रेसोचं यंत्र नसेल तर फिल्टर कॉफीचं घट्ट डिकॉक्शन ३० मिली घ्या. पावडर चिकोरीशिवाय हवी. पाकिटावर ७०:३० असं लिहिलेलं असेल तर त्यात ३० टक्के चिकोरी आहे. नेरूळ-वाशीकडे दाक्षिणात्य सामानाच्या दुकानांत 'प्युअर' मागा. काहलुआ वापरत असाल तर पाक वगळा. शेकर बर्फाने भरून हात दुखेपर्यंत हलवा, १५ सेकंद तरी, तेव्हा वर फेस येतो. डिकॉक्शन ताजं असेल तर फेस बरा धरतो, सकाळचं उरलेलं असेल तर धरत नाही. फ्रीजच्या ट्रेमधला बारीक बर्फ लगेच वितळून सगळं पातळ करतो, त्यामुळे दुकानातून बर्फाची पिशवी आणलेली चांगली.

ब्लॅक रशियनला काहीच अक्कल लागत नाही: ५० व्होडका, २० कॉफी लिक्युअर, बर्फ. वर ३० मिली क्रीम घातलं की व्हाइट रशियन. टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम तसंच ओतलं तर गोळा बसतो, चमचाभर दुधात सैल करून घ्या. व्होडकाच्या जागी ओल्ड मंक घालून बघा. काहलुआचा पाया रमचाच असल्याने दोन्ही छान मिसळतात, आणि खिशालाही बरं. उन्हाळ्यात मी ३० मिली कॉफी लिक्युअरवर गार टॉनिक ओततो, संत्र्याची फोड टाकतो. सावकाश ओता, नाहीतर फेस ग्लासबाहेर.

ब्रँडीकडे वळलो तर साइडकार: ५० मिली कोन्याक व्हीएस, २० ट्रिपल सेक (संत्र्याची लिक्युअर), २० लिंबाचा रस. हे लिंबू म्हणजे परदेशी पिवळं, मोठं. आपलं कागदी लिंबू बरंच आंबट, १५ मिलीच घाला. देशी ब्रँडीने हेच केलं तर वाईट होत नाही, फक्त ट्रिपल सेक थोडी कमी करा, कारण त्या ब्रँडीत गोडसर वास आधीच असतो.

जुन्या कृतीत 'ॲप्रिकॉट ब्रँडी' दिसली तर ती गोडच समजायची. पॅरडाइज नावाच्या कॉकटेलमध्ये ३० जिन, २० ॲप्रिकॉट ब्रँडी, १५ संत्र्याचा रस असतो. इथे कोरडी हंगेरियन पालिंका घातली तर घसा धरतो. तीच हाताशी असेल तर तिच्यासोबत १० मिली पाक द्या, जमून जातं. उलट सफरचंदाची कोरडी ब्रँडी, लिंबू आणि डाळिंबाचा पाक असलेल्या जॅक रोझमध्ये लिक्युअर चालत नाही, सगळं सरबत होतं.

पाहुणे गाडीने आलेले असतील तर आधीच विचारा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि शनिवारी रात्री पाम बीच रोडला नाकाबंदी ठरलेली.

उघडल्यानंतर

कोरडी ब्रँडी बिघडत नाही, पण बाटली अर्ध्याखाली गेली की वास हळूहळू उडतो. छोट्या बाटलीत ओतून ठेवा, किंवा सरळ संपवा. उभी ठेवा, आडवी नाही, तीव्र मद्याने बूच खराब होतं. खिडकीतलं ऊन टाळा.

कॉफी लिक्युअर फ्रीजबाहेर टिकते, पण आपल्या दमट हवेत कॉफीचा ताजेपणा वर्षभराच्या आत उतरतो. एक काम प्रत्येक वेळी करा: ओतून झालं की बाटलीचं तोंड आणि झाकणाची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर साखरेचे खडे धरतात, झाकण घट्ट बसतं, आणि ठाण्यातल्या मुंग्यांना तुमच्याआधी बाटलीचा पत्ता लागतो. तळाशी उरलेली दोन-तीन चमचे लिक्युअर मलई कुल्फीवर ओता, आणि किर्श उरली असेल तर ब्लॅक फॉरेस्टच्या स्पंजवर शिंपडा. जर्मन केकमध्ये ती असतेच, आपल्या बेकऱ्यांनी तेवढी वगळली.